‘आई, ऐक ना!’ : बोलक्या मुलांच्या पालकांची पत्रं

या महिन्यात आलेली बरीचशी पत्रं तीन ते सहा वर्षांच्या बोलक्या, चारचौघांत रमणाऱ्या मुलांबद्दलची आहेत. म्हणून हे सदर या खेपेला त्यांनाच दिलं आहे. पत्रं आटोपशीर केली आहेत आणि नावं गाळली आहेत. उत्तरं बालवाडी शिक्षिका, वाचा-उपचारतज्ज्ञ आणि बालसमुपदेशक यांनी मिळून लिहिली आहेत.

प्रश्न : माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. डोळे उघडल्यापासून झोप लागेपर्यंत तोंड चालू. मला फोन आला की नेमकं तेव्हाच त्याला काहीतरी सांगायचं असतं. मी घरून काम करते. संध्याकाळपर्यंत डोकं बधिर होतं, मग मी ओरडते आणि नंतर मलाच वाईट वाटतं. सासूबाई म्हणतात, ‘श्रद्धा आणि सबुरी ठेव, मोठा झाला की होईल शांत.’ पण सबुरी आणायची कुठून? — एक आई, इचलकरंजी

सासूबाईंचं निम्मं बरोबर आहे. वय वाढलं की ही बडबड खरंच ओसरते, किंवा नेमकं सांगायचं तर त्यातली बरीचशी आत जाते. या वयात मुलं विचारसुद्धा मोठ्यानं करतात. ‘हा लाल ठोकळा इथे… नको, पडेल… मग हा खाली’ हे तो तुम्हाला सांगत नसतो. लेव्ह व्हिगॉट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाने १९३०च्या दशकातच दाखवून दिलं होतं की हातातलं काम अवघड झालं की मुलांचं स्वतःशी बोलणं वाढतं. पुढे, साधारण सातव्या वर्षाच्या सुमारास, ते कुजबुजीवर येतं आणि मग मनातल्या मनात होऊ लागतं.

म्हणून आधी दोन दिवस काहीच न बदलता नुसतं ऐका आणि बडबडीची वाटणी करा : स्वतःशी बोलणं किती, काही जाणून घ्यायचंय म्हणून किती आणि तुमचं लक्ष हवंय म्हणून किती. पहिल्या प्रकाराला उत्तर द्यायची गरज नाही, ‘हं’ करायचीही नाही. बऱ्याच आया दर वाक्याला हुंकार देतात. मग मूल हुंकारासाठी थांबायला शिकतं, आणि जे बोलणं तुमच्याविना चाललं असतं तेही तुमच्या गळ्यात पडतं.

तिसऱ्या प्रकारावर मात्र मेहनत घ्यावी लागते. दिवसातून दोनदा, ठरलेल्या कामाला जोडून दहा मिनिटं पूर्ण त्याची. बालवाडीतून आल्या आल्या एकदा आणि रात्रीच्या जेवणाआधी एकदा, असं बहुतेक घरांत जमतं. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. जमिनीवर बसा, खेळ त्याने निवडायचा. या दहा मिनिटांत शिकवायचं नाही आणि प्रश्नही विचारायचे नाहीत. ‘हा कुठला रंग? मोज बरं किती आहेत?’ सुरू झालं की ती वेळ त्याची राहत नाही. त्याचेच शेवटचे दोनतीन शब्द उचलून परत म्हणा : ‘अच्छा, ट्रक अडकला पुलाखाली.’ एवढ्यावर त्याला आपलं ऐकलं गेल्यासारखं वाटतं. दहा मिनिटं जमत नसतील तर पाच द्या, पण रोज द्या. आणि शिक्षा म्हणून ही वेळ कधीही काढून घेऊ नका. ‘आज त्रास दिलास, आज खेळ नाही’ म्हटलं की तीच भूक दिवसभर फोनच्या वेळी उसळते.

आता थांबण्याबद्दल. ‘श्रद्धा सबुरी’ रिक्षाच्या पाठीवर लिहिलेलं असतं, पण मुलाला सबुरी सेकंदांच्या हिशेबाने शिकवावी लागते. ‘मध्ये बोलू नको’ हे वाक्य साडेचार वर्षांच्या मुलाला उपयोगाचं नाही, कारण त्यात काय करायचं ते सांगितलेलंच नसतं. त्याला एक खूण द्या. काही सांगायचं असेल तर त्याने तुमच्या मनगटावर हात ठेवायचा. तुम्ही त्या हातावर आपला हात ठेवायचा, म्हणजे ‘कळलं मला’. मग चालू वाक्य संपवून त्याच्याकडे वळायचं. पहिल्या आठवड्यात पाच सेकंदांत वळा. दुसऱ्या आठवड्यात पंधरा-वीस सेकंद घ्या, तिसऱ्यात अर्धा मिनिट, महिन्याअखेरीला एक मिनिट. या वयात दोन मिनिटांपलीकडे अपेक्षा ठेवू नका. सराव मात्र खोट्या फोनवर करा : कानाला टीव्हीचा रिमोट लावून तुम्ही बोलताय, तो येतो, हात ठेवतो, थांबतो. दिवसातून चारपाच वेळा. त्याला हसू येईल, येऊ द्या.

ही युक्ती फसते ती ठरावीक कारणांनी. पहिल्याच दिवशी वीस मिनिटांच्या मीटिंगमध्ये ती वापरून बघितली जाते. किंवा हातावर हात ठेवला जातो आणि बोलण्याच्या ओघात मूल विसरलं जातं. असं दोनदा झालं की त्याचा खुणेवरचा विश्वास उडतो. तिसरं कारण आणखी घातक : तो हात ठेवून उभा असताना वळायचं नाही आणि किंचाळला की लगेच ‘काय रे?’ म्हणायचं. मग तो किंचाळणंच शिकतो. आणि एक अपवाद त्याच दिवशी शिकवा. कुणी पडलं, रक्त आलं, गॅसवर काही जळतंय, शू लागली, तर थांबायचं नाही, सरळ ओरडायचं. नाहीतर बाळ पलंगावरून पडलेलं असतं आणि हे गुणी पोर मनगट धरून उभं.

‘का?’चा मारा सुरू झाला की पहिल्या वेळी खरं आणि थोडक्यात उत्तर द्या. तोच प्रश्न पुन्हा आला तर ‘तुला काय वाटतं?’ विचारा. तिसऱ्यांदा आला तर ‘आता तू मला सांग’ म्हणा. बहुतेक वेळा तो तुमचंच उत्तर जसंच्या तसं म्हणून दाखवतो आणि खूश होतो. पण ‘बाबा कधी येणार?’सारखा एकच प्रश्न दहादा येत असेल तर त्याला माहिती नको असते, धीर हवा असतो. तिथे घड्याळाचं चित्र काढून काटा कुठे आला की बाबा येतील ते दाखवा. कामाच्या वेळी आलेल्या प्रश्नांसाठी एक डबा ठेवा. प्रश्नाचं चित्र काढून चिठ्ठी डब्यात टाकायची आणि जेवणाआधीच्या दहा मिनिटांत डबा उघडायचा. उघडायला विसरलात तर दुसऱ्या दिवशी कोणी चिठ्ठी टाकणार नाही.

तुमच्या ओरडण्याचं काय? राग यायच्या आधी, डोकं जड व्हायला लागलं की लगेच बोला : ‘माझे कान दमलेत. मोठा काटा सहावर येईपर्यंत मी ऐकणार नाही, मग ऐकेन.’ त्याने गप्प बसावं अशी अट घालू नका. तो गाड्यांशी, भिंतीशी बोलेल. सुरुवात पाच मिनिटांनी करा, हळूहळू पंधरा-वीसपर्यंत न्या. तरीही ओरडलात, तर शांत झाल्यावर दोन वाक्यं पुरे : ‘मी ओरडले, ते चुकलं. तुझं बोलणं वाईट नाही, मी दमले होते.’ वर भरपाईचं चॉकलेट नको.

आणि संध्याकाळी बडबड अचानक दुप्पट होत असेल तर त्याची झोप मोजा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या शिफारशींनुसार तीन-चार वर्षांच्या मुलांना दुपारची धरून १० ते १३ तास झोप आणि दिवसभरात तीन तास हालचाल हवी, त्यातला किमान एक तास दमवणारी. स्क्रीन एक तासापेक्षा जास्त नको. न झोपलेलं मूल मोठ्यांसारखं सुस्तावत नाही, ते जास्त वेगाने बोलायला लागतं. फ्लॅटमध्ये दिवस काढलेल्या मुलाला पाच वाजता मैदानावर नेऊन आणा, सात वाजताचा फरक ऐकू येईल.

प्रश्न : मुलगी पाच वर्षांची. लिफ्टमध्ये, रिक्षात, भाजीवाल्याशी, कुणाशीही गप्पा मारते. परवा वॉचमनला ‘बाबा चार दिवस दिल्लीला गेलेत, आई आणि मीच आहोत’ असं सांगून आली. अनोळखी माणसांशी बोलू नको असं कितीदा बजावलं! — एक वडील, पुणे

हे बजावणं सोडून द्या, कारण ते लागू पडत नाही. दोन मिनिटं गप्पा मारल्या की तिच्या लेखी तो माणूस अनोळखी राहतच नाही. तुम्ही स्वतःही दिवसभर अनोळखी लोकांशी बोलता, ते ती बघते. शिवाय लहान मुलांना त्रास देणारी माणसं बहुतेक प्रकरणांत ओळखीची, घरातली किंवा शेजारपाजारचीच निघतात. ‘अनोळखी’वर बेतलेला नियम नेमका तिथे कुचकामी ठरतो.

त्याऐवजी नियम बोलण्यावर न घालता जाण्यावर आणि घेण्यावर घाला. गप्पा चालतील. पण आई-बाबांना विचारल्याशिवाय कुणाबरोबर कुठे जायचं नाही, कुणाच्या घरात शिरायचं नाही, कुणाकडून काही घ्यायचं नाही. मग तो वॉचमनकाका असो, शेजारची मावशी असो की सख्खा काका. ‘विचारून येते’ एवढे दोन शब्द तिच्या तोंडी बसवा. शाळेतून तिला आणायला कधी दुसरं कुणी जाणार असेल तर घरात एक परवलीचा शब्द ठरवा, एखाद्या खाऊचं नाव चालेल. तो शब्द सांगेल त्याच्याचबरोबर निघायचं. शब्द एकदा वापरला की बदला.

दुसरा भाग ‘घरातल्या गोष्टीं’चा. यादी छोटी ठेवा : पत्ता, किल्ली कुठे असते, घरात कोण नाही, पैसे. यातलं कुणी विचारलं तर उत्तर एकच, ‘ते आईला विचारा.’ खेळातून सराव घ्या. तुम्ही वॉचमन व्हा, तीन साधे प्रश्न विचारा (शाळेत काय शिकवलं, नवीन चप्पल का, डब्यात काय होतं) आणि चौथा घरातला. तो तिला पकडता आला पाहिजे. आठवडाभर रोज पाच मिनिटं केलंत तर जमतं. दिल्लीचं सांगून आली म्हणून तिला झापू नका, तिला तेव्हा नियमच माहीत नव्हता. आणि पगार, भांडणं, नातेवाइकांची उणीदुणी तिच्यासमोर बोलत असाल, तर ती बाहेर जाणारच हे धरून चाला.

बोलक्या मुलाची एक मोठी जमेची बाजू असते : ते सांगतं. ती बाजू सांभाळा. गंमत आणि गुपित यांतला फरक तिला समजावा. आजीच्या वाढदिवसाची भेट ही गंमत, ती ठरलेल्या दिवशी सगळ्यांना कळते. पण ‘हे कुणालाच सांगू नकोस’ असं मोठ्या माणसाने म्हटलं, तर ते त्याच दिवशी घरी सांगायचं. खाजगी अवयवांची नावं तिला नीट माहीत हवीत. आंघोळ घालणारं माणूस किंवा आई-बाबांसमोर डॉक्टर सोडून तिथे कुणी हात लावायचा नाही, हेही इतर नियमांच्याच सुरात सांगा, घाबरवून नको. असं काही सांगत ती आली तर खोदून खोदून विचारू नका, ‘सांगितलंस ते चांगलं केलंस’ म्हणा आणि १०९८ या बालमदत क्रमांकावर फोन करा. तो चोवीस तास चालू आणि मोफत असतो. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२च्या पॉक्सो कायद्यानुसार अशी गोष्ट कळल्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, हेही लक्षात असू द्या.

गर्दीचं स्वतंत्र बघा. विसर्जनाच्या मिरवणुकीत किंवा जत्रेत ती कुणाशी तरी बोलत मागे राहणार, हे गृहीत धरा. तिला स्वतःचं पूर्ण नाव, तुमची खरी नावं (‘बाबा’ नाव नव्हे) आणि मोबाइल क्रमांक यायला हवा. दहा आकडे तीन-तीन-चार असे तोडून चालीवर म्हणवून घ्या. तरीही त्या दिवशी दंडावर बॉलपेनने नंबर लिहाच. हरवलं तर जिथे आहे तिथेच उभं राहून तुमच्या नावाने हाका मारायच्या. कुणी आलं नाही तर पोलीस, गल्ल्यावर बसलेला दुकानदार किंवा बरोबर लहान मूल असलेली बाई, यांतल्या कुणाला तरी सांगायचं.

एवढं झाल्यावर तिच्या बोलकेपणाला काम द्या. भाव विचारणं, सुटे पैसे मोजून घेणं, दुकानात ‘याच्याहून मोठं माप आहे का’ म्हणणं. तुम्ही शेजारी उभे राहा आणि तिचं वाक्य पूर्ण करायचा मोह टाळा.

प्रश्न १ : घरी रोज संध्याकाळी हरिपाठ असतो. नात पाच वर्षांची आहे. पाच मिनिटं बसते, मग तिचं सुरू होतं. काल मध्येच विचारलं, ‘देव ऐकतो तर बोलत का नाही?’ काय सांगावं? — एक आजोबा, नाशिक
प्रश्न २ : चार वर्षांचा नातू रविवारी चर्चमध्ये मिस्साच्या (सामूहिक उपासनेच्या) वेळी मोठमोठ्याने प्रश्न विचारतो. लोक वळून बघतात. सून म्हणते, मोठा होईपर्यंत नेऊच नका. — एक आजी, वसई

दोन्ही पत्रांत मुलांना देवाधर्माचं वावडं नाही, उलट रस आहे. अडचण वेळेच्या मापाची आहे. चार-पाच वर्षांचं मूल मोठ्यांनी ठरवलेल्या गोष्टीत पाच ते दहा मिनिटं लक्ष देऊन बसतं. तुमची नात पाच मिनिटं बसते, म्हणजे तिचं चाललंय ते ठीकच आहे.

नाशिकच्या आजोबांनी हरिपाठ तसाच ठेवावा, पण तिचा वाटा सुरुवातीची दहा मिनिटं इतकाच धरावा. वात लावताना ती शेजारी, शुभंकरोति तिच्या आवाजात, एक अभंग टाळ घेऊन, आणि मग ‘आता जा, पण आवाज न करता’ अशी उघड परवानगी. शेवटी आरतीला घंटा वाजवायला तिला हाक मारा. वाती मोजून ठेवणं, फुलांचे देठ काढणं, प्रसादाच्या वाट्या मांडणं ही कामं तिचीच असू द्या. हाताला काम असलं की तोंड आपोआप थोडं कमी चालतं. याखेरीज सुरुवातीला दोन मिनिटं तिला तिच्या शब्दांत देवाशी बोलू द्या, मोठ्यानं. शाळेतलं भांडण, हरवलेली पेन्सिल, काहीही. ते दुरुस्त करू नका. आणि देवापुढे तिने सांगितलेली चूक नंतर जेवताना उकरून काढू नका. तसं एकदा झालं की ती तिथेही जपून बोलायला लागेल.

‘देव बोलत का नाही’ला तुम्ही स्वतः जे मानता ते एका वाक्यात सांगा. तुम्हालाही हा प्रश्न पडत असेल तर तसं म्हणा, पाच वर्षांच्या मुलीची श्रद्धा त्याने ढळत नाही. मग तिला विचारा, ‘तुला काय वाटतं?’ घरातल्यांची मतं वेगळी असतील तर ‘मी असं मानतो, बाबा तसं मानतात’ हे सरळ सांगितलेलं चालतं. फक्त ‘गप्प बस, नाहीतर देव कान कापेल’ हे कुणी बोलू नये. या वयात मुलं शब्दशः घेतात. दिवसा ती हसतात आणि रात्री देवघराच्या बाजूने पाणी प्यायला जात नाहीत.

वसईच्या आजींनी नेणं बंद करू नये, बसायची जागा बदलावी. बडबड्या मुलाला घेऊन लोक मागच्या बाकावर बसतात आणि तिथून त्याला फक्त पाठी दिसतात. वेदी दिसेल अशी पुढच्या बाजूची कडेची जागा घ्या. निघण्याआधी सांगा की आपल्याला कधी कधी मोठ्यानं बोलायचं असतं : गाणी, ‘आमेन’ आणि शांतीचं अभिवादन. बाकी वेळी कुजबूज. कुजबुजणं शिकवावं लागतं, ते ‘हळू बोल’ने येत नाही. त्याचा हात त्याच्या गळ्यावर ठेवा. साधं बोलताना गळा थरथरतो, कुजबुजताना थरथरत नाही. हा खेळ घरी आठवडाभर खेळा. प्रवचन हा सगळ्यात अवघड भाग, त्यासाठी कोरी वही आणि एक पेन्सिल पुरे. खडूंची डबी नको, ती हटकून खाली पडते. आवाज वाढलाच तर न रागावता बाहेर न्या, दोन मिनिटं शांत उभं राहा आणि परत आत या. बाहेर खेळायला दिलंत किंवा गोळा खाऊ घातलात, तर पुढच्या रविवारी तो प्रवचन सुरू व्हायच्या आधीच ओरडेल.

प्रश्न : साडेतीन वर्षांचा मुलगा भरपूर बोलतो, पण दोन महिन्यांपासून अडखळतो. ‘मला मला मला पाणी’ असं होतं. आम्ही ‘हळू बोल, श्वास घे’ सांगतो. — एक आई, कोल्हापूर

ते सांगणं आजपासून थांबवा. दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान अनेक मुलं काही काळ अशी अडखळतात, कारण सांगायचं खूप असतं आणि वाक्य जुळवायची सवय अजून कच्ची असते. बहुतेकांचं आपोआप सुटतं. सूचना दिल्या की मुलाला आपल्या बोलण्यात खोट आहे हे कळतं आणि त्या भीतीने अडखळणं वाढू शकतं.

तुम्ही स्वतः सावकाश बोला. त्याचं वाक्य संपल्यावर मनात ‘एक, दोन’ मोजून मग उत्तर द्या. शब्द पुरवू नका. त्याच्या उंचीला बसून, तो काय सांगतोय तिकडे लक्ष द्या. पाहुण्यांपुढे ‘गाणं म्हणून दाखव’ काही महिने बंद. घरात सगळे एकदम बोलत असतील तर जेवताना तरी एकेकाने बोलायची शिस्त लावा.

पूर्ण शब्द परत येणं (‘मला मला’) कमी चिंतेचं. पहिला आवाज तुटणं (‘म-म-म-मला’), आवाज ताणला जाणं, तोंड उघडं पण आवाजच न फुटणं, डोळे मिचकावणं, मान ताठ होणं किंवा अडखळून बोलणंच सोडून देणं, यांतलं काही दिसलं तर वाचा-उपचारतज्ज्ञांकडे लगेच जा. घराण्यात कुणी तोतरं बोलत असेल तरी वाट बघू नका. यातलं काहीच नसेल, तर सुरू झाल्यापासून सहा महिने ही मर्यादा धरा.

प्रश्न : सीनियर केजीतल्या मुलाची रोज तक्रार : वर्गात बोलतो. आता बाई म्हणतात, एडीएचडी (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा) असेल, दाखवून घ्या. — एक आई-वडील, नागपूर

दाखवण्याआधी बाईंना भेटून तीन गोष्टी विचारा. तो नेमका कोणत्या तासाला बोलतो? तेव्हा त्याने काय करणं अपेक्षित होतं? आणि तो बोलत काय होता? दोन आठवडे याची रोज एका ओळीत नोंद ठेवायची विनंती करा. काम आधी संपवून शेजाऱ्याशी बोलणारं मूल वेगळं आणि काम सुरूच न करता बोलणारं वेगळं. आणखी एक प्रकार आहे, त्याच्याकडे सहसा कुणी बघत नाही : सूचना ऐकूच न आल्यामुळे शेजाऱ्याला विचारणारं मूल. सर्दीनंतर मधल्या कानात पाणी साचणं या वयात फार आढळतं. मोठ्यानं बोलणं, टीव्हीचा आवाज वाढवणं, सारखं ‘काय?’, मागून हाक मारली तर ओ न देणं, तोंड उघडं ठेवून झोपणं, अशा खुणा असतील तर आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून कानाची आणि श्रवणाची तपासणी करून घ्या. ती दुखत नाही आणि लवकर होते.

एडीएचडीचं निदान नुसत्या बडबडीवरून होत नाही. लक्षणं सहा महिने किंवा जास्त काळ, घर आणि शाळा अशा किमान दोन ठिकाणी, त्या वयाच्या मानाने ठळक आणि रोजच्या कामात अडथळा आणणारी असावी लागतात. निदान विकासात्मक बालरोगतज्ज्ञ किंवा बाल-मानसोपचारतज्ज्ञ करतात, शाळा करत नाही. आणि सहा वर्षांखालच्या मुलांत ते झालं तरी आधी पालकांना वागणूक हाताळायचं प्रशिक्षण देतात, गोळी नंतर.

मधल्या काळात बाईंशी ठरवा : बसायला पुढची, दारापासून लांबची जागा, वह्या वाटायचं काम, गप्प होण्याची एक खूण आणि दिवसातून दोन मिनिटं सगळ्यांसमोर काहीतरी सांगायची संधी. सकाळच्या तक्रारीची शिक्षा संध्याकाळी घरी देऊ नका. पाच वर्षांच्या मुलाला त्यांचा संबंध लागत नाही, तुम्ही विनाकारण चिडलात एवढंच कळतं.

प्रश्न : धाकटा इतका बोलतो की आठ वर्षांच्या थोरलीला संधीच मिळत नाही. ती आता जेवताना गप्पच असते. — एक आई, सोलापूर

जेवताना ताटाशेजारी एक रिकामी वाटी फिरवा. वाटी ज्याच्यापुढे तो बोलेल, बाकीचे ऐकतील. धाकट्याला आधी एक मिनिट द्या, कारण त्याला शेवटी थांबणं जमत नाही. मग तिला दोन मिनिटं. तिने मध्ये थांबून विचार केला तर ती शांतता तिचीच धरा, धाकट्याला तिथे घुसू देऊ नका. तिच्यासाठी झोपण्याआधी दहा मिनिटं वेगळी ठेवा, दिवा मंद करून. गप्प मुलं समोरासमोर बसवल्यापेक्षा शेजारी पडल्यावर जास्त बोलतात. ‘तो बघ कसा बोलतो, तूही बोल’ हे वाक्य मात्र घरातून काढून टाका.

प्रश्न : घरी अखंड बोलणारा चार वर्षांचा मुलगा बेंगळुरूच्या नव्या शाळेत एक शब्द बोलत नाही. — एक आई

नवी भाषा कानावर पडली की काही महिने नुसतं ऐकण्यात जाणं स्वाभाविक आहे. घरी मराठी चालूच ठेवा, ती बंद करून कन्नड किंवा इंग्रजी लवकर येत नाही. शाळेतला एखादा मुलगा घरी खेळायला बोलवा, पहिला शब्द बहुधा तिथे फुटतो. पण तिथली भाषा समजत असूनही, शाळेचा पहिला महिना सोडून पुढे महिनाभर तो तिथे कुणाशीच बोलला नाही, तर बालमानसशास्त्रज्ञांना भेटा. बोलण्यासाठी बक्षीस किंवा धाक, दोन्ही नको.

प्रश्न : उलट बोलतो म्हणून जिभेला मिरची लावावी असं आमच्याकडे सांगतात. — नाव नको

लावू नका, कधीही. तोंडातली त्वचा नाजूक असते, तोच हात डोळ्यांत जातो, आणि ठसका लागला तर श्वास अडकू शकतो. उलट बोलला तर ‘हेच नीट शब्दांत सांग, मग ऐकते’ म्हणा आणि नीट सांगितल्यावर खरंच ऐका.

प्रश्न : पाच वर्षांची मुलगी सतत मोठ्यानं बोलते, आवाज बसलेलाच असतो. मध-हळद चालू आहे. — एक आजी, सातारा

खूप ओरडणाऱ्या मुलांच्या स्वरतंतूंवर छोट्या गाठी येऊ शकतात. त्या कर्करोगाच्या नसतात आणि आवाजाच्या सवयी बदलल्या की बहुधा बसतात. मध-हळदीने घशाला बरं वाटतं, स्वरतंतूंपर्यंत ती पोहोचत नाही. दर तासा-दीड तासाला पाण्याचे चार घोट द्या. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत ओरडून हाका मारणं घरात सगळ्यांनीच बंद करा, ज्याला बोलायचंय त्याने जवळ जावं. प्राण्यांचे आणि गाड्यांचे आवाज काढायचे खेळ काही आठवडे नकोत. वर सांगितलेली कुजबूजही इथे नको, ताणून कुजबुजल्याने तंतूंवर जोर पडतो. साधा, सौम्य आवाज हवा. तीन आठवड्यांनंतरही घोगरेपणा तसाच असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा, आणि श्वास घेताना आवाज येत असेल तर त्याच दिवशी.